दोन रानांखालचा शेष

पृथ्वी कशावर टेकली आहे, याची मला लहानपणापासून पक्की माहिती होती. माझं माहेर धर्मापुरीच्या बाजूचं. आमच्या वाडीतल्या महादेवाच्या देवळात गाभाऱ्यापुढं, फरशीत बसवलेलं एक दगडी कासव आहे. लोकांनी हात लावून लावून त्याची पाठ गुळगुळीत केलेली. मी एकदा त्याच्यावर पाय दिला, तेव्हा वडिलांनी दंडाला धरून मला बाजूला ओढलं.

"त्याच्यावर पाय देऊ न्हाई. त्याच्यावर शेष बसलाय, आन शेषाच्या फण्यावर सगळी पृथ्वी हाय."

"आन कासव कशावर हाय?"

"पान्यावर."

"आन पानी?"

"तुझ्या बडबडीवर. चल आता."

बाहेर माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, पण वडिलांपुढं मी अशी बडबडत असे. त्यांनी सांगितलेलं मला पटलं. परात जशी चुंबळीवर ठेवतात तशी पृथ्वी फण्यावर ठेवलेली असणार. परात सपाट असते, आमचं रानही सपाटच होतं.

चौथीत गुरुजींनी कपाटावरचा पृथ्वीचा गोळा खाली काढला, फडक्यानं पुसला आणि बोटानं गरकन फिरवला. पृथ्वी कशावरच टेकलेली नाही, ती अधांतरी फिरते, असं ते म्हणाले. ते ऐकून मला भीती वाटली नाही, गुरुजींची कीव आली. त्यांच्या वडिलांनी त्यांना काही सांगितलं नसावं. हात वर करून बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर लवकरच माझी शाळा सुटली, आणि कासवावरचा शेष व तो अधांतरी गोळा दोन्ही माझ्याबरोबर सासरी आले. माझ्या डोक्यात ते एकमेकांशी कधी भांडले नाहीत. गोळा परीक्षेपुरता होता, शेष रोजच्या वापराचा.

सासर उमापूरपासून पायी जाण्याच्या अंतरावर. सासऱ्यांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरात मधोमध भिंत घातली गेली आणि रानात बांध. थोरले भाऊ पुढं वारले. भिंतीपलीकडं आणि बांधापलीकडं आता माझे चुलत दीर आणि थोरली जाऊ राहत. बांधावरच्या एका बाभळीवरून दोन्ही घरच्या पुरुषांचं बोलणं बंद पडलं होतं, ते बंदच राहिलं. आम्ही जावा मात्र भिंतीवरून विरजण द्यायचो, काडेपेटी मागायचो. पुरुषांना ते ठाऊक होतं. दोन्ही घरचं दही एकाच चवीचं होतं, ते त्यांना कळत नसेल का?

गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा आमच्याकडं म्हैस आली. सभासद म्हणून नाव माझं लागलं, कारण संस्थेला बाईचंच नाव हवं होतं; दुसरं काही कारण नव्हतं. पण नाव लागलं ते लागलं. सकाळी केंद्रावर मी पदर ओढून रांगेत उभी राहायची, कुणाशी बोलायची नाही, आणि दूध मोजणारा माझं नाव मोठ्यानं पुकारायचा. शाळा सुटल्यापासून माझं नाव असं कुणी पुकारलं नव्हतं. म्हैस चांगली होती. एक शिंग खाली वळलेलं, त्यामुळं सदा काहीतरी ऐकत असल्यासारखी दिसायची. मी गोठ्यात शिरले की हुंकार द्यायची. त्या घरात माझी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. खालच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी विहीर खणून पाहिली होती. काळा खडक लागला आणि नुसता खड्डा राहिला. गावातल्या निम्म्या घरांनी कोयत्यावर धार लावून ठेवली होती. दसरा झाला की गाड्या कारखान्याकडं निघणार. आमच्या घरातून तोवर ऊसतोडीला कुणी गेलेलं नव्हतं. सासऱ्यांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं, "दिवाळीपत्तर पानी लागलं तर ऱ्हाऊ. न्हाई लागलं तर म्हस बाजार दाखवायची आन आपन बी कारखान्यावर जायाचं."

मी चुलीपाशी होते. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हैस माझ्या नावावर आहे, हे त्या वेळी घरात कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

तरी आशा होती. संस्थेनं सभासदांच्या विहिरींसाठी खडक फोडणारं कंप्रेसरचं ट्रॅक्टर ठरवलं होतं आणि आमची पाळी आली होती. जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान फिरला. बांधालगत, ईशान्येच्या कोपऱ्यात तो नारळ तळहातावर उभा राहिला. त्यानं तिथं दगड ठेवला. दुसरीकडं कुठं नारळ हललाही नाही.

सासऱ्यांनी पंचांग काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

आमच्याकडं घराचा पाया काढायचा असो की विहीर, आधी शेषाचं तोंड कुठं आहे ते बघतात. रानाचा चौकोन धरायचा. त्याच्याखाली शेष पसरलेला असतो आणि वर्षभरात सावकाश फिरत राहतो. ज्या कोपऱ्यात त्याचं तोंड असेल तिथं पहिली कुदळ मारायची नाही. मारली तर फण्याला लागते, आणि त्या घरातला कर्ता मुलगा जातो. भादव्यापासून कार्तिकापर्यंत तोंड ईशान्येला, असं सासऱ्यांचं गणित होतं. घरातला कर्ता मुलगा म्हणजे माझा नवरा. एकुलता एक.

नवरा म्हणाला, "आबा, कार्तिक सरंपर्यंत थांबलं तर मशीन जाईल."

"जाऊ दे. तू ऱ्हा."

मला सासऱ्यांचा राग आला नाही. ते म्हैस घालवत होते, पण मुलाला धरून ठेवत होते. माणूस एका हातानं एवढंच धरू शकतो. तरी त्या दिवशी म्हशीला पाणी दाखवताना मी तिचं वळलेलं शिंग धरून उभी राहिले.

पेंड संपली होती म्हणून मी उमापूरला गेले. तिथल्या मारवाड्याच्या दुकानात शेठाणी बसायची. तिच्या मागच्या भिंतीवर एक जुनं रंगीत चित्र होतं. नेहमी मी खाली मान घालून पेंड घ्यायची आणि निघायची. त्या दिवशी मात्र बघत राहिले. एक मोठी थाळी, मधोमध डोंगर, भोवती निळं कडं, मग जमिनीचं कडं, परत निळं.

"काय बघतेस? आपली पृथ्वी आहे ती," शेठाणी म्हणाली. "मधी मेरू. हा खारा समुद्र. त्याच्या पलीकडं परत जमीन, परत समुद्र."

"आन हे दोन?"

"सूर्य. दोन आहेत. आज उगवला तो उद्या येत नाही, उद्या दुसऱ्याची पाळी. आमच्या जैनांच्या शास्त्रात आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "औंदा आमच्याकडं दोघं संगंच येऊ लागलेत वाटतं."

शेठाणी इतकी हसली की तिला हातातलं माप खाली ठेवावं लागलं. दुकानातल्या माणसानं वळून पाहिलं आणि मी पदर ओढला. पण मला बरं वाटलं.

"आन शेष कुठं हाय ह्याच्यात?"

"शेष नाही."

"म्हंजी त्याचं तोंड बघावं लागत न्हाई तुमाला?"

"आम्हाला दुसरं बघावं लागतं. प्रत्येकाला काहीतरी बघावंच लागतं, बाई." आणि तिनं पेंडीवर एक मूठ जास्त टाकली.

घरी येताना मी चित्रच आठवत होते. त्यात समुद्र होते, डोंगर होते, दोन सूर्य होते, पण कुठं बांध नव्हता.

मी पोचले तेव्हा कंप्रेसरवाला चाचा आमच्या लिंबाखाली बसला होता. तो नेकनूरचा. दाढी पिकलेली, सुरुंगांच्या आवाजानं एका कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा. मशीन झाकून ठेवलेलं. सासऱ्यांनी मला चहा टाकायला सांगितला. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं. गावालाही येत असेल.

"पाटील, काम कावून बंद हाय?"

सासऱ्यांनी शेषाचं सांगितलं. चाचा हसला नाही.

"नाग? हमारे में तो बैल है. बैल के सींग पे जमीन, बैल मछली पे खडा. बडे-बूढे यहीच बोलते."

"मग तुमी सुरुंग उडीवता तवा तो बिचकत न्हाई का?"

"बिचकता ना! इसलिए पहले बिस्मिल्ला बोलता मैं. एक सींग थक गया तो जमीन दूसरे पे लेता. तब भूकंप होता."

"आन बसलाच खाली, तर?"

"बैठता नहीं, पाटील. तो काय तुमचा बैल हाय?"

सासरे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. चाचानं चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "पन एक बोलो. हमारा बैल एकच हाय, सारी दुनिया का. तुमचा नाग हर एक के रान को अलग अलग?"

"ज्याचं रान त्याचा चौकोन. बांधापासून बांधापत्तर."

"अच्छा," चाचा म्हणाला. "म्हंजी नाग को बी वाटणी करके दिया तुमने."

मी चुलीपाशी परत आले. पीठ थोडं होतं. मी दोन लहान गोळे मळले होते. वाटलं, म्हाताऱ्याला एक मोठी भाकरी करून वाढावी. म्हणून दोन्ही गोळे शेजारी ठेवून एकमेकांत दाबले आणि थापायला घेतले. एका गोळ्याच्या कडेला माझ्या अंगठ्याचा खळगा पडला होता. थापता थापता बघते, तर तो खळगा भाकरीच्या मध्यावर आलेला.

तवा तापून धूर निघाला तरी मी बघत बसले होते.

सासऱ्यांशी मी तोवर कामापुरतं, तेही दाराआडून बोललेली. पण म्हैस माझी होती. मी चुलीतली राख घेतली, सारवलेल्या अंगणात बसले आणि आमच्या रानाचा चौकोन काढला. शेजारी, पूर्वेला, चुलत दिरांच्या रानाचा चौकोन. मधे बांधाची रेघ. बांधालगत पाणाड्यानं दगड ठेवला होता, तिथं मी एक खडा ठेवला. मग हातानं बांधाची रेघ पुसली आणि दोन्ही रानांत मिळून एकच शेष काढला. नागपंचमीला भिंतीवर नाग मीच काढते, माझा हात बसलेला आहे. तोंड पार पलीकडं, जावेच्या रानाच्या ईशान्य कोपऱ्यात गेलं. शेपूट आमच्या खालच्या कोपऱ्यातल्या कोरड्या खड्ड्याशी आली. खडा त्याच्या पोटाशी राहिला.

सासरे हात धुवायला आले आणि थांबले. "हे काय मांडलंय?"

मी उठून दारामागं गेले आणि तिथून बोलले, "मामा, रान एक धरलं तर तोंड तिकडं जातं."

"कोन बोलतंय? भिंत का?"

"मी बोलतेय, मामा. त्या कोपऱ्यात दगडाचा ढीग हाय. तितं कुनीच खनत न्हाई. आपली जागा पोटाशी येती."

ते खाली बसले. मान वाकडी करून चारी बाजूंनी बघितलं. मग नवऱ्याला हाक मारली, त्यानंही बघितलं.

"म्हंजी पानी अर्धं त्यांचं," सासरे म्हणाले.

"व्हय."

"आन बाभूळ?"

नवरा म्हणाला, "आबा, बाभूळ कवाच वाळून गेलीय."

सासऱ्यांनी राखेवर बोट टेकवलं, जिथं बांध पुसला होता तिथं. "राखंत पुसून चालत न्हाई. शेषाला फसवता येत न्हाई. एक रान म्हनायचं तर ते एकच पाहिजे. बांध खरा फोडावा लागंल." आणि जरा थांबून, "ते तयार व्हतील का?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "धाकटे, इकडं ये जरा."

मी भिंतीशी गेले. जाऊ पालथ्या पाटीवर उभी राहून डोकावत होती. "कान भिंतीलाच हायेत माझे. समदं ऐकलं. म्हंजी तोंड आमच्या कोपऱ्यात ढकललंस की गं!"

"अक्का, तितं ढिगात कुदळ कोन मारतंय?"

"ते बी खरं." ती विचारात पडली. तिच्याही गोठ्यात म्हैस होती, तिचंही नाव केंद्रावर पुकारलं जायचं. "माझी म्हस बी पिनार ना तितं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग समजावते मी ह्यांना. न्हाई समजले, तर नेऊन बसवते त्या कोपऱ्यात, शेषाच्या तोंडासमोर."

ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. पण सकाळी चुलत दीर बांधाच्या पलीकडं येऊन उभे होते. अलीकडं सासरे कुदळ घेऊन. दोघंही जमिनीकडं बघत.

"तूच मार," सासरे म्हणाले. "बांध तुझ्या बापानं घातलेला."

"तुमी मारा, काका. तुमी वडील."

"तुझा बाप माझ्यापेक्षा वडील व्हता."

असं चालू राहिलं. शेवटी जाऊ म्हणाली, "मी मारू का? दुपार व्हायची हितंच." तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी घाव घातले. भाजलेल्या विटेसारखी माती होती, निघता निघेना. वीतभर फट पडल्यावर सासरे थांबले.

"किती फोडायचा?"

"शेषाचं अंग जाईल एवढा," दीर म्हणाले.

"पन अंग केवढं असतंय?"

कुणालाच सांगता येईना. पंचांगात तेवढं दिलेलं नव्हतं. दोघांत पुन्हा वाद होतो की काय असं वाटलं, तेवढ्यात मशीनजवळून चाचा ओरडला, "बैल जाए उतना करो! नाग बी जाएगा, हमारा बैल बी जाएगा!"

तेवढाच फोडला. चुलत दिरांनी आपला बैल आणून त्यातून इकडून तिकडं नेऊन दाखवला, मग सासऱ्यांचं समाधान झालं.

विहिरीची पहिली कुदळ सासऱ्यांनी स्वतः मारली. मारताना त्यांनी डोळे मिटले होते. नंतर दिवसभर त्यांनी मुलाला खड्ड्यात उतरू दिलं नाही. लिंबाखाली बसवलं आणि दर थोड्या वेळानं वळून बघत राहिले, तो आहे ना म्हणून. नवरा ओरडला, "आबा, हाय मी हितंच!" तरी बघायचे. चाचानं बिस्मिल्ला म्हणून सुरुंग उडवला. शेठाणीच्या दोन सूर्यांपैकी त्या दिवशी ज्याची पाळी होती तो डोक्यावर आला, मावळला, आणि माझा नवरा तसाच लिंबाखाली राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला उतरू दिलं.

खडकाखाली आधी ओलसर मुरूम लागला. मग एका बाजूनं बारीक पाझर सुटला. फार मोठं पाणी नव्हतं, मी खोटं लिहिणार नाही. पण दोन घरांची जनावरं आणि चाऱ्यासाठी दोन तुकडे कडवळ निघेल एवढं होतं. चुलत दिरांनी ओंजळ भरून आधी सासऱ्यांना दिली, आणि ती पिताना म्हातारा रडला. आम्ही दुसरीकडं बघितलं.

दिवाळीच्या आधी बाजारचा व्यापारी दारात आला. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, दात बघितले, कास बघितली आणि सासऱ्यांना म्हणाला, "बोला पाटील, द्यायची ना?"

सासरे सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला काय इचारता? नाव हिचं हाय. मालकिनीला इचारा."

व्यापारी माझ्याकडं वळला. मी दारामागं नव्हते, अंगणात होते, हातात नव्या विहिरीच्या पाण्याची बादली. सगळे माझ्याकडं बघत होते. म्हैसही, ते वळलेलं शिंग माझ्याकडं करून.

"न्हाई," मी म्हणाले.

एवढंच बोलले. त्याला ते पुरलं.

आता मी पुष्कळ ऐकलं आहे. नातवाच्या मोबाईलवर मी वरून काढलेलं पृथ्वीचं चित्र पाहिलं, गुरुजींचा गोळा खरा निघाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गुरुजी बरोबर होते, आणि आमची विहीर बांधाशेजारी आहे, हेही बरोबर आहे. गोळ्यानं आमचा बांध फुटला नसता.

बांध पुन्हा घातला नाही. घरातली भिंत तेवढी आहे, पण ती आता नागपंचमीच्या कामाला येते. त्या वर्षापासून आम्ही जावा एकच नाग काढतो. माझ्या ओसरीच्या भिंतीवर सुरू होतो, कोपऱ्यावरून वळतो आणि तिच्या ओसरीवर संपतो. गंध एकीनं उगाळायचं, काढायचं दुसरीनं. पहिल्या वर्षी तोंड माझ्याकडं आणि शेपूट तिच्याकडं आली, तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमी काय शेपटीलाच लाह्या वाहायच्या का?"

"अक्का, तोंड वाईट आसतंय म्हनत व्हतीस ना?"

"ते रानातलं. भिंतीवरलं दूध पितंय." तिनं माझ्या हातातली काडी घेतली. "शेष फिरतो म्हनतात ना? मग फिरव. पुढल्या साली तोंड माझ्याकडं."

तसंच चालू आहे. औंदा तोंड तिच्याकडं आहे.